संशयाचा फायदा

येत्या शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका जुन्या क्लबाच्या दोन लाल मातीच्या कोर्टांवर हौशी टेनिसपटूंची दुहेरी स्पर्धा आहे. दोघांच्या वयाची बेरीज किमान ९० हवी, ही पात्रतेची अट. त्यामुळे जोडीदार शोधताना त्याचा बॅकहँड कसा आहे याआधी जन्मसाल विचारले जाते आणि एरवी घरात अडगळ ठरलेला साठीचा माणूस तिशीच्या होतकरू खेळाडूला एकाएकी हवाहवासा वाटू लागतो. प्रवेश फी भरून झाली, चिठ्ठ्या टाकून ड्रॉ निघाला. आपल्यासमोर कोण आले हे पाहून काहींचे गुडघे आत्तापासूनच कुरकुरू लागले आहेत.

क्लबाच्या फळ्यावर नियमांचा कागद लागला आहे. सहा गेमचा एकच सेट. ड्यूसला एकाच गुणावर निकाल. दहा मिनिटे उशीर झाल्यास समोरच्या जोडीला वॉकओव्हर. हे सगळे वाचून लोक पुढे जातात. सातव्या नियमापाशी मात्र थबकतात. तो म्हणतो : सामन्याला पंच नसतील, आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपणच द्यावा, शंका असल्यास चेंडू आत धरावा. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘शंका कुणाला?’

हा नियम सेक्रेटरींच्या सुपीक डोक्यातून निघालेला नाही. पंचांविना होणाऱ्या सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांतच तो आहे. त्यामागचा विचार मात्र पाहण्यासारखा आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो देणारा न्यायाधीश तिऱ्हाईत असतो. इथे न्यायाधीश, फिर्यादी आणि एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकाच बुटांच्या जोडीत उभे असतात, आणि संशयाचा फायदा द्यायचा तो प्रतिपक्षाला. माणसाकडून एवढी अपेक्षा दुसरा कोणता कायदा करत असेल असे वाटत नाही. तीही सकाळी सात वाजता, रिकाम्या पोटी.

क्लबांनी यावर बिनतोड तोडगा काढला आहे : शंकाच येऊ द्यायची नाही. आयुष्यभर इतरांच्या हिशेबातल्या शंका काढून पोट भरलेले लेखापरीक्षकसुद्धा कोर्टावर कमालीचे निःशंक असतात. निकाल देण्याची पद्धतही ठरलेली आहे. चेंडू हातभर बाहेर पडला तर नुसते बोट वर होते. वीतभर बाहेर पडला तर बोटासोबत ‘आऊट’ ऐकू येते. आणि तो रेषेलाच चाटून गेला असेल तर बोट, आवाज आणि रेषेपर्यंत चालत जाणे, असे तिन्ही सोपस्कार होतात. वर ‘जस्ट आऊट!’ हे हळहळीच्या सुरात येते. त्यातला ‘जस्ट’ म्हणजे समोरच्याचे सांत्वन. तरीही तो हटला नाही तर जोडीदाराची साक्ष काढली जाते. जोडीदाराचे लक्ष त्या वेळी शेजारच्या टेबलावर आलेल्या चहाकडे असते. ‘आऊटच होता,’ तो सांगतो.

वास्तविक नियमानुसार रेषेला केसभर स्पर्श झाला तरी चेंडू आतच. मातीच्या कोर्टावर तर चेंडूचा ठसाही उमटतो, म्हणजे पुरावा जागेवरच. पण एका सेटनंतर बेसलाइनजवळ असे वीस-पंचवीस ठसे झालेले असतात. त्यातला सोयीचा ठसा निवडणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यातले तज्ज्ञ प्रत्येक क्लबात असतात. खरे काय ते मार्करला ठाऊक असते. पहाटे कोर्टाला पाणी तोच मारतो, रोलर तोच फिरवतो. एक रॅकेट उभी आणि तिच्या डोक्यावर दुसरी आडवी धरून जाळी मधोमध तीन फूट आहे ना, हेही तोच पाहतो. वाद झाला की सगळे त्याच्याकडे वळतात. ‘मी तिकडं झाडत होतो, साहेब,’ एवढे बोलून तो पुन्हा झाडू लागतो. पंच म्हणून नेमावा असा शहाणपणा त्या एकट्यापाशी आहे, आणि म्हणूनच तो ते काम करणार नाही.

तिकडे विम्बल्डनने हा तंटाच मिटवला आहे. १८७७ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेने २०२५ मध्ये रेषापंचांना कायमची रजा दिली. मोठ्या सामन्यात नऊ-नऊ पंच कोट घालून, वाकून रेषांकडे डोळे लावून उभे असत. आता कॅमेरे पाहतात आणि ध्वनिमुद्रित आवाज ‘आऊट’ म्हणतो. पहिल्याच वर्षी गंमत झाली. पाव्हल्युचेन्कोव्हा आणि सोनाय कार्टल यांच्या सामन्यात, तेही सेंटर कोर्टवर, चेंडू बाहेर पडलेला टीव्हीवर स्पष्ट दिसला, यंत्र मात्र गप्प. गुण पुन्हा खेळवावा लागला. नंतर कळले की, कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणाच कुणीतरी चुकून बंद केली होती. आमच्या क्लबातली यंत्रणा अशी कधी बंद पडत नाही. ती फक्त एका बाजूनेच चालते.

पॅरिसने २०२५ मध्येही रेषापंच कायम ठेवले, कारण तिथली माती ठसा दाखवते. पण मातीत ठसा असला तरी तो पाहायची इच्छा लागते. ती यंत्राला लागत नाही. यंत्राला ना शंका येते, ना खंत वाटते. जगातल्या मोठमोठ्या कोर्टांवरून शंका अशी हद्दपार होत असताना ती माणसाकडे अजून मागितली जाते ती या किरकोळ, चषकापेक्षा नाश्त्याचीच चर्चा अधिक होणाऱ्या स्पर्धांत. येत्या रविवारी उत्तम सर्व्हिसचे, उत्तम व्हॉलीचे बक्षीस दिले जाईल. सर्वांत अवघड फटका, म्हणजे निर्णायक गुणाला समोरच्याचा चेंडू ‘आत होता’ असे सांगणे. त्यासाठी कुठल्याही क्लबाने अद्याप चषक ठेवलेला नाही. ठेवला तरी बहुतेक वर्षी तो कपाटातच राहील.

हे सगळे आम्ही उंटावरून सांगत नाही. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत, पाच-चार असताना, निर्णायक गुणाला समोरच्या सत्तरीच्या गृहस्थांनी आमच्या डोक्यावरून लॉब टाकला. चेंडू बेसलाइनवर उतरला. रेषेच्या पांढऱ्या पट्टीवरून लाल धूळ उडालेली आम्ही पाहिली, आणि पाहता पाहताच आमच्या तोंडून ‘जस्ट आऊट’ निघून गेले. ते फक्त ‘बरं’ म्हणाले आणि हस्तांदोलनासाठी जाळीकडे चालू लागले. आम्हीही निघालो. वाटेत आमचा बूट नेमका त्या ठशावरून गेला. चुकूनच. दुसऱ्या फेरीत आम्ही सहा-एक असे हरलो आणि त्यातला एकही चेंडू वादाचा नव्हता.

यंदाचा ड्रॉ पाहिला तर पहिल्या फेरीत तेच गृहस्थ. ग्रिप नवी बांधून झाली आहे, गुडघ्याचा पट्टा बॅगेत आहे आणि या वेळी शंका घेऊनच उतरायचे असेही ठरले आहे. फक्त त्यांनी लॉब जरा आखूड टाकावा. आमच्या प्रामाणिकपणाची परीक्षा रेषेपासून हातभर आतच घेतलेली बरी.