अंगावरून जाणे : मौन सोडावे असे दुखणे

पांढुर्णा जिल्ह्यातील जामसांवलीस पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायाच्या दर्शनाला जाताना अनेक कुटुंबे घरचे आजारपणही बरोबर नेतात. तेथील तीर्थावर श्रद्धा ठेवणाऱ्या भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे की, देवापुढे जे मनातल्या मनात सांगता, ते डॉक्टरांपुढे मोकळेपणी बोलून दाखवा.

हे मौन किती खोल आहे, याचा प्रत्यय डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोली जिल्ह्यातील पाहणीने आणून दिला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

पाळीत अतिशय रक्त जाण्याची कारणे बहुधा नेहमीचीच असतात : पिशवीतील गाठी, संप्रेरकांचा बिघाड, अपुरा गर्भपात. परंतु सोनोग्राफी निर्दोष आली तरी आजार नाही, असे ठरत नाही. कधी दोष पिशवीत नसून रक्तातच असतो. फिनलंडचे डॉ. फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली अशाच एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरची एक मुलगी तेराव्या वर्षी, अवघ्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने दगावली. रक्त गोठण्यास आवश्यक असे एक प्रथिन अशा रुग्णांत कमी वा सदोष असते. नेहमीच्या चाचण्यांतून हा आजार निसटू शकतो. त्या प्रथिनाची चाचणी निराळी, आणि प्रसंगी पुन्हा, करावी लागते.

ती करावी, हे डॉक्टरांना सुचणार कशावरून? घरच्यांच्या सांगण्यावरूनच. पहिल्या पाळीपासूनच असे होते काय? नाकाचा घोळणा वारंवार फुटतो काय? दात काढल्यावर रक्त थांबेनासे झाले होते काय? आईला वा मावशीला बाळंतपणात फार रक्त गेले होते काय? हा दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून आत्याची हकीकतही तितकीच मोलाची. संशय असल्यास ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आणखी एक दुर्मिळ कारण ध्यानी ठेवावे. गर्भपात वा बाळंतपणानंतर क्वचित पिशवीतील रक्तवाहिन्यांचा गुंता होतो. अशा वेळी पिशवी साफ केल्यास स्राव थांबण्याऐवजी उसळू शकतो. डॉप्लर सोनोग्राफीने तो आधी ओळखता येतो. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तरी ‘निदान काय झाले?’ हे विचारण्यास संकोचू नये. रक्ताचा दोष न ओळखता केलेली शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

तासातासाला घडी बदलावी लागत असेल, भोवळ येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी कायमची गेल्यानंतर एक डाग दिसला तरी तपासणी टाळू नये. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आपण सोसले ते लेकीसुनांना सांगून ठेवावे. त्या सांगण्यातूनच एखाद्या नातीच्या आजाराचे निदान वेळेवर होईल.