सुरक्षेला पुराव्याची बैठक हवी

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबविण्यात आली. तिजोरीचे कुलूप तुटले नाही की पहारेकऱ्याला इजा झाली नाही. असा दरोडा पडला की अधिक यंत्रे घ्या, अधिक तंत्रज्ञ नेमा, अशी मागणी होऊ लागते. ही मागणी गैर नाही. परंतु ती अपुरी आहे. संगणकांची सुरक्षितता हा जितका यंत्रांचा प्रश्न आहे, तितकाच तो निर्णयाचा आणि नेतृत्वाचा आहे, ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोट्यवधी कर्जदारांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या या कंपनीच्या वापरातील एका सॉफ्टवेअरमधला दोष ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाला. त्यावरची दुरुस्तीही उपलब्ध होती. ४८ तासांत ती करावी, अशी सूचना दोन दिवसांतच कंपनीत फिरली. तपासणीही झाली, मात्र ती दोषाच्या जागेपर्यंत पोचलीच नाही. दोष आढळला नाही आणि दोष नाही, या दोहोंतील अंतर कंपनीला फार महाग पडले. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेरीस त्यांचा सुगावा लागला आणि तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती बाहेर गेली होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०१८ च्या अहवालात कंपनीच्या रचनेवरच बोट ठेवले. सुरक्षाप्रमुख कायदा विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली, तर संगणक विभाग निराळ्याच अधिकाऱ्याकडे! ज्ञान होते, माणसे होती, पैसाही होता; उणीव होती ती जबाबदारीच्या स्पष्ट वाटणीची.

ही उणीव तांत्रिक शिक्षणाने भरून येणारी नाही. वर्षानुवर्षे यंत्रांशी झुंजलेला तंत्रज्ञ बढती मिळून सुरक्षाप्रमुख होतो आणि संचालक मंडळासमोर उभा राहताच एक तर आपल्या धंद्याची परिभाषा बोलू लागतो, किंवा भीती घालू लागतो. भीतीची मात्रा पहिल्या वेळी लागू पडते. तिसऱ्या वेळी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अशा अधिकाऱ्यांसाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने खास अभ्यासक्रम चालविला आहे. त्याच विद्यापीठातील प्राध्यापिका डेनिस रूसो यांनी पुराव्यावर आधारलेल्या व्यवस्थापनाचा दीर्घकाळ पुरस्कार केला आहे. शास्त्रीय संशोधन, संस्थेची स्वतःची आकडेवारी, जाणकारांचा अनुभव आणि निर्णयाचा परिणाम ज्यांना भोगावा लागतो त्यांचे म्हणणे, असे पुराव्याचे चार स्रोत या विचारात मानले जातात. या चारही कसोट्यांना उतरलेली शिफारस नाकारताना संचालकांनाही कारण द्यावे लागते.

रूढी आणि पुरावा यांतील फरक परवलीच्या शब्दाच्या, म्हणजेच पासवर्डच्या, बाबतीत स्पष्ट दिसला. तो दर काही महिन्यांनी बदललाच पाहिजे, असा दंडक कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे चालत आला. उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, जुना पासवर्ड ठाऊक असल्यास सुमारे १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांतच ओळखता येतो. कारण सक्तीला कंटाळलेला माणूस शेवटचा एखादा आकडा तेवढा बदलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये असा सल्ला दिला. कारकुनाला रोज जाचणारा नियम सुरक्षितता वाढवतो की नुसता देखावा करतो, हे विचारण्याची सवय लावणे, हेच या शिक्षणाचे खरे काम होय.

अर्थात, असे अभ्यासक्रम महाग असतात आणि त्यांची प्रशस्तिपत्रे पुष्कळदा भिंतीची शोभा वाढविण्यापुरतीच उरतात, हा आक्षेप खोटा नाही. अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याला कितीही शिकविले तरी उपयोग नाही, हेही खरे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँकांसाठी काढलेल्या निर्देशांत सुरक्षाप्रमुख हा संगणक विभागाच्या प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याच्यावर धंद्याची उद्दिष्टे लादू नयेत, असे बजावले आहे. ज्याच्या कामातील उणिवा दाखवायच्या त्याच्याच हाताखाली राहून सत्य सांगणे कठीण, हे त्यामागचे व्यवहारज्ञान आहे.

परंतु नियमाने खुर्ची मिळते. त्या खुर्चीवरून काय बोलायचे, हे शिकावेच लागते. शिक्षकाची वा कारकुनाची आयुष्यभराची पुंजी आज संगणकातील आकड्यांच्या रूपाने बँकांपाशी ठेवलेली आहे. तिचे रक्षण करणाऱ्याने संचालकांपुढे छातीठोक आश्वासने न देता तपासून घेता येतील असे पुरावे ठेवावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. आणि ते पुरावे मागण्याइतके शहाणपण संचालकांनीही शिकून घेतले पाहिजे.