देव सुताराच्या घरीं काय करीत होता?

आपल्याकडे कोणाविषयीं ‘तो दोन स्वभावांचा आहे’ असें म्हटलें, कीं ऐकणारा सावध होतो. अशा माणसाशीं देणेंघेणें करूं नये, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून एखादा ख्रिस्ती उपदेशक बाजारच्या गांवीं उभा राहून ‘प्रभु येशूच्या ठायीं दोन स्वभाव, एक देवाचा व एक मनुष्याचा’ असें सांगूं लागला, म्हणजे आमचे लोक एकमेकांकडे पाहून हंसतात. एक विचारतो, अर्धा देव आणि अर्धा माणूस म्हणजे नरसिंहासारखा कीं काय? दुसरा म्हणतो, देव होता तर सुळावर कसा गेला? उपदेशक बिचारा पुस्तकांतले शब्द पुन्हा एकदां म्हणतो, हातांत एक चोपडें देतो आणि पुढल्या गांवची वाट धरतो.

वाचकहो, हा प्रश्न असा हंसून सोडण्यासारखा नाहीं. मी ख्रिस्ती नाहीं आणि कोणी व्हावें म्हणूनही लिहीत नाहीं. पण या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, तो मात्र आपल्या घरचा आहे. देव माणूस झाला म्हणतात. तर तो कोणता माणूस झाला? आणि एक माणूस झाला म्हणजे सगळ्यांचा झाला, कीं कांहींचाच?

आधीं शब्दाचा घोळ मिटवूं. येथें स्वभाव म्हणजे रागीट, शांत, हट्टी असा मनाचा प्रकार नव्हे. जाळणें हा आगीचा स्वभाव, असें आपण म्हणतों, त्या अर्थानें हा शब्द घ्यावयाचा. भूक, झोंप, श्रम, बुद्धि, भीति, मरण, ज्यांच्यामुळें माणूस माणूस ठरतो तें सारें मिळून मनुष्यस्वभाव. ख्रिस्ती मताचें म्हणणें असें कीं येशू हा अर्धा-अर्धा नव्हे. तो पुरा देव आणि पुरा मनुष्य, आणि तरी दोन जण नव्हे, एकच.

ही गोष्ट त्या लोकांना एका दिवसांत सुचली नाहीं. सव्वाशें वर्षें भांडण चाललें. मिसरांतील अलेक्झांड्रिया शहरच्या अरियस नांवाच्या धर्मगुरूनें म्हटलें, पुत्र हा पित्यानें उत्पन्न केलेला, म्हणून बरोबरीचा देव नव्हे. त्यावर इ. स. ३२५ सालीं निकीया येथें सभा भरली आणि तिनें सांगितलें, नाहीं, तो खराच देव. (या सभेला २०२५ सालीं सतराशें वर्षें झालीं.) मग गाडी दुसऱ्या बाजूला कलली. अपोलिनारिस नांवाचा बिशप म्हणाला, देह माणसाचा होता, पण आंत बुद्धीच्या जागीं देवच बसलेला होता. हें मत ३८१ सालीं टाकून दिलें गेलें. त्याच्या विरोधकांचा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. वैद्यानें ज्या अंगाला हातच लावला नाहीं तें बरें कसें होणार? देवानें माणसाचें नुसतें कातडें पांघरलें असेल, तर माणसाचें मन, त्याची भीति, त्याची लाज हीं जशीं होतीं तशींच राहिलीं. पुढें नेस्तोरियस, युतिकस अशीं आणखी नांवें या वादांत येतात. एकावर दोन निरनिराळे पुरुष मानल्याचा आरोप आला, दुसऱ्यानें मनुष्यपण देवपणांत विरघळवून टाकलें. अखेर ४५१ सालीं खाल्सीदोन येथील सभेनें ठरविलें कीं दोन्ही स्वभाव मिसळत नाहींत, बदलत नाहींत, तुटत नाहींत, वेगळे होत नाहींत. सगळ्यांनीं हें मानलें असें नाहीं. मिसर, आर्मिनिया व सीरिया येथील जुन्या मंडळ्या वेगळ्या झाल्या, आणि आपल्या केरळांतील सुरियानी ख्रिस्त्यांचा एक मोठा भाग त्यांच्याच बाजूचा आहे.

डोकें गरगरलें असेल तर लोहाराच्या भात्यापाशीं चला. जुन्या ग्रीक धर्मशिक्षकांनींच हा दृष्टांत दिलेला आहे. लोखंड आगटींत घातलें, लालभडक झालें. आतां त्याच्यांत आग कोठें संपते आणि लोखंड कोठें सुरू होतें तें दाखवा! तें आगीसारखें जाळतें, आगीसारखें झळकतें. पण आहे लोखंडच. घण बसतो तो लोखंडावर, आगीला घण लागत नाहीं. ‘देव होता तर सुळावर कसा गेला’ याला त्या लोकांचें उत्तर हेंच. घाव मनुष्यपणावर बसला. पण ज्याच्यावर बसला तो एकच होता, म्हणून देवानें घाव सोसला असें म्हणतां येतें. हें उत्तर कोणाला पटो वा न पटो, निदान तें वेडगळपणाचें नाहीं.

आपल्या भूमीलाही हा प्रश्न नवा नाहीं. आमच्या वालूराशीं वाल्मीकीचें नांव जोडून सांगण्याची रीत आहे, तेव्हां त्याच्या रामायणाचेंच घेऊं. रावणानें देव, दानव, गंधर्व यांच्यापासून अभय मागितलें. माणसाचें नांव घेतलें नाहीं. कां? माणूस त्याला गवताच्या काडीसारखा वाटला. म्हणून विष्णूला माणूस व्हावें लागलें. आणि युद्ध संपल्यावर ब्रह्मदेव रामाला ‘तूं देव आहेस’ असें सांगूं लागतो, तेव्हां राम म्हणतो, मी तर स्वतःला दशरथाचा पोर, एक माणूसच समजतों. हा भाग आमचे कीर्तनकार घाईनें उरकतात. देवाला आपण माणूस आहों असें वाटावें, यांत त्यांना कमीपणा दिसतो काय, न कळे.

दुसरें उदाहरण याहून जवळचें. गोदाकांठीं हिंडलेल्या चक्रधरस्वामींना महानुभाव लोक परमेश्वराचा अवतार मानतात. त्यांची परंपरा सांगते कीं भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावला आणि द्वारावतीच्या चांगदेव राउळांनीं आपला देह सोडून त्या मृत देहांत प्रवेश केला; तेच चक्रधर. आईच्या पोटीं येणें ही अवताराची एक रीत, मेलेल्या देहांत शिरणें ही दुसरी, असा त्या पंथाचा बारीक विचार आहे. अपोलिनारिसाचें मत वाचून मला हेंच आठवलें. तरी एक पहा. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत लीळाचरित्र रचलें, त्यांत स्वामींचें जेवणें, चालणें, निजणें सारें बारकाईनें टिपलें आहे. देव मानलेल्या पुरुषाच्या जेवणाची एवढी आस्था कां? भक्ताला देवाचें देवपण दुरून दिसतें, पण जीव जडतो तो माणूसपणावर. आमच्या परभणी जिल्ह्यांतल्याच गंगाखेडची जनाबाई. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला, ही गोष्ट जात्यावर बसणाऱ्या बायांनीं सातशें वर्षें कां जपली, याचें कारण वेगळें सांगावयास नको.

आतां ख्रिस्ती कथेंतला तो प्रसंग सांगतों, ज्यांत दोन्ही स्वभाव एकाच जागीं भेटतात. ४४९ सालीं रोमच्या लिओ नांवाच्या पोपानें या वादावर पत्र लिहिलें, त्यांतही त्याची आठवण काढली आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून चालून थकला आणि शोमरोन प्रांतांत एका विहिरीच्या कांठावर टेकला. शिष्य अन्न विकत आणावयास गांवांत गेलेले. एक बाई पाणी न्यावयास आली. ती शोमरोनी, यहुदी लोक शोमरोन्यांशीं संबंध ठेवीत नसत. येशूनें तिच्याजवळ पाणी मागितलें. बाई चकित झाली, तुम्ही यहुदी असून माझ्या हातचें पाणी कसें मागतां? तेव्हां येशू म्हणतो, माझ्याजवळ जिवंत पाणी आहे, तें घेतलेंस तर पुन्हा तहान लागणार नाहीं. आणि बाईही खमकी! ती विचारते, तुमच्याजवळ पोहरा नाहीं, विहीर खोल आहे, पाणी आणणार कोठून?

पहा, तहान लागली ती माणसाला, जिवंत पाणी देऊं म्हणतो तो देव, आणि बोलणारें तोंड एकच. पण बिशप लोकांच्या सभांनीं ज्याकडे पुरें लक्ष दिलें नाहीं तें आपल्याला चटकन दिसतें, कारण आपण विहिरींचा इतिहास भोगलेले लोक आहों. देवानें पाणी मागितलें तें विटाळ मानलेल्या हातानें. त्याची तहान खोटी असती, नुसतें सोंग असतें, तर ती शिवाशीव मोडणेंही सोंगच ठरलें असतें. ज्याला खरोखर तहान लागते तोच जात विसरून पाणी मागतो. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर हजारों लोक ओंजळभर पाण्यासाठीं गेले, त्यांना हें समजावून सांगावें लागलें नसतें.

आणि आतां सुताराच्या घराकडे येऊं. येशू सुमारें तीस वर्षांचा झाल्यावर उपदेश करूं लागला, असें त्यांच्या शास्त्रांत आहे. त्याआधीं तो काय करीत होता? त्याच्या गांवच्या लोकांनीं ‘अरे, हा तर तो सुतार!’ म्हणून नाक मुरडलें, एवढें कळतें. दुसऱ्या शतकांतला जस्टिन नांवाचा ख्रिस्ती लेखक लिहितो कीं तो नांगर आणि जू करीत असे. वाकस, करवत, रंधा चालविणाऱ्या माझ्या बांधवांनों, खळ्यावर बलुतें मागतांना ज्यांना ‘मागून ये’ म्हणून उभें ठेवलें जात असे त्यांनीं हें ऐकावें. पुऱ्या देवाच्या हाताला घट्टे होते, असें या मताचें म्हणणें आहे. उपदेश तीन वर्षें, सुतारकी त्याहून कितीतरी अधिक. मला विचाराल तर ख्रिस्ती उपदेशकांनीं चमत्कारांचें वर्णन निम्मे करून या मुक्या वर्षांविषयीं अधिक बोलावें.

यांतून जो मुद्दा निघतो तो असा. मनुष्यस्वभाव एकच आहे, म्हणून देवानें एकदांच तो घेतला आणि तो साऱ्यांना पुरला. मुखाचा वेगळा, बाहूंचा वेगळा, मांड्यांचा वेगळा आणि पायांचा वेगळा असे चार मनुष्यस्वभाव असते, तर बिचाऱ्याला चार वेळां जन्म घ्यावा लागला असता, आणि पांचव्यांदां गांवकुसाबाहेर! पुरुषसूक्तानें माणसाचे तुकडे पाडले. खाल्सीदोनचा ठराव तुकडे पाडूं देत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त दशावतारांची हजेरी घेतली, पण येशूला मात्र बळीराजाच्या पंक्तीला बसविलें. ते त्याच्या देवपणाच्या वादांत पडले नाहींत. दुबळ्यांचा कैवारी माणूस, एवढ्यावर त्यांचें काम भागलें.

पण म्हणणारे आपलें म्हणणें पाळतात काय? सतराव्या शतकाच्या आरंभीं दोन पाद्री आपल्या देशांत होते. गोव्यांत फादर स्टीफन्स. हा जन्मानें इंग्रज, पण त्यानें मराठी ओवींत अकरा हजारांच्या घरांत ओव्या रचून ‘क्रिस्तपुराण’ केलें, तें १६१६ सालीं छापलें गेलें. आणि मदुरेला १६०६ सालीं आलेला रॉबर्ट डी नोबिली. हा संन्याशाचा वेष घेऊन ब्राह्मणी सोंवळ्यानें राहिला. पुढें त्याच्या मार्गांत वरच्या जातींसाठीं एक पाद्री व खालच्या जातींसाठीं दुसरा, अशी सोय झाली. देव एका मनुष्यस्वभावाचा, आणि त्याचे पुजारी दोन जातींचे! गोव्यांतही ख्रिस्ती झालेल्यांच्या धर्मबंधुमंडळ्या जातवार राहिल्या. तिकडे नारायण वामन टिळकांसारखा कवि ख्रिस्ताला माउली म्हणून हांक मारतो आणि १९१७ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांसाठीं ‘देवाचा दरबार’ उघडतो. इकडे देवळांत बसण्याच्या जागा आणि मसणवटीच्या भिंती जात पाहून ठरतात. तामिळ मुलखांत अशा भिंतींचे तंटे आमच्या काळापर्यंत चालत आले.

आमच्या शेजारीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती आहे. १८४३ सालीं ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण गृहस्थानें निजामी मुलखांत जमीन मिळवून ती वसविली, आणि तेथें आले ते बहुतेक मांग व महार. त्यांना दोन स्वभावांचा ठराव कोणी उलगडून सांगितला असेल वा नसेल. पण आपल्याला माणूस म्हणून हांक मारली गेली, हें त्यांना कळलें. अशांच्या नातवंडा-पणतवंडांचें आज काय? १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशांतील तिसरा परिच्छेद सांगतो कीं ठराविक धर्मांबाहेरचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानूं नये. १९५६ सालीं शिखांना आणि १९९० सालीं बौद्धांना त्यांत घेतलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें हा परिच्छेद काढा म्हणून सांगितलें. २०२२ सालीं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. सरकारचें म्हणणें, तुमच्या धर्मांत जात नाहीं, मग सवलत कशाची? धर्मगुरूंच्या पोथीवर सरकारचा एवढा विश्वास! पोथींत जात नाहीं हें खरें, पण गांवांत आहे. बाप्तिस्म्याचें पाणी डोक्यावर पडल्यानें तहसीलदाराच्या दप्तरांत त्याची जात धुतली जाते, आणि संध्याकाळीं तो गांवांत परतला कीं पाटलाच्या ओट्यावर ती जशीच्या तशी सांपडते.