कोतवालाची सनद

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आमच्या वर्गांतून त्याची चर्चा माणसांची भिंत, लोकनाट्याचा बाज आणि नाना फडणवीसांची बदनामी या तीन खुंटांभोवती फिरते आहे. नाटकाच्या पोटात असलेला कायद्याचा पेच सहसा कोणी शिकवीत नाही. नाटकातल्या घाशीरामाला कोतवाली मिळते ती मुलीच्या मोबदल्यात. नेमणूक भ्रष्ट, पण शिक्का नानांचा. आणि नानांना कोतवाल नेमण्याचा अधिकार होताच. मग अशा कोतवालाने रात्री रस्त्यात धरलेला माणूस कायद्याने धरला गेला, असे म्हणायचे की नाही?

नेमणूक सडकी म्हणून अटक सडकी, हे उत्तर भाबडे आहे. 1860च्या दंड संहितेने ते आधीच नाकारले होते. लोकसेवकाच्या पदाचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे असेल तो लोकसेवक, मग त्या पदावरील त्याच्या हक्कात कायद्याची कोणतीही उणीव असो, असे तिच्या 21व्या कलमाचे स्पष्टीकरण सांगत असे. 2024च्या जुलैपासून संहितेच्या जागी न्याय संहिता आली. हा विचार मात्र जागचा हलला नाही. 1981 साली गोकराजू रंगराजू खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. आंध्र प्रदेशातील काही सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका अवैध ठरल्या होत्या. मग त्यांनी दिलेल्या निकालांचे काय करायचे? न्यायालयाने ते निकाल राखले. पदाच्या रंगाखाली काम करणारा अधिकारी वेगळा आणि पदात घुसलेला उपटसुंभ वेगळा, हा भेद त्यामागे आहे.

तत्त्व शहाणपणाचे आहे, हे आम्हीही मानतो. तलाठ्याच्या नेमणुकीत खोट निघाली म्हणून त्याने घेतलेल्या सातबाऱ्याच्या सगळ्या नोंदी पुसून टाकायच्या, तर गावात एकाचेही शेत त्याचे राहणार नाही.

ज्यांना हा भेद पुस्तकी वाटतो, त्यांनी धाराशिव जिल्ह्याचा 1948चा इतिहास चाळावा. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते आणि लातूर त्याच जिल्ह्यात होते. रझाकारांचा सेनापती कासिम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे सनद कशाला म्हणतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते! रझाकारांकडे गणवेश होता, शस्त्रे होती, निजामी पोलिसांची साथ होती. नव्हती ती पोलीस म्हणून कायदेशीर नेमणूक. त्यांनी माणसाला धरणे म्हणजे अटक नव्हे, अपहरण. येथपर्यंत कायद्याचे तत्त्व आमच्या बाजूने उभे राहते.

पुढे ते अडखळते. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. लष्कराच्या या मोहिमेला आपण आजही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतो. शब्दांवर जगणाऱ्या आम्हा मंडळींनी तरी या नावापाशी क्षणभर थांबायला हवे होते. नंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले गेले. लष्करी राज्यपालांना अधिकार मिळाले ते त्याच पराभूत निजामाच्या फर्मानाने. त्या फर्मानाचे वजन किती, हा वाद वकिलांनी खुशाल घालावा. व्यवहारात ही सनद चालली, कारण चालणे भाग होते. मात्र पंडित सुंदरलाल समितीने त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. काही ठिकाणी लूटमारीत व हत्यांत सैन्यातली आणि पोलिसांतली माणसे सामील होती, असेही तिने नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या कथा आम्ही मुक्तिसंग्रामाच्या दिवशी दरवर्षी सांगतो. सनदवाल्यांची ही कथा सांगताना आमचा आवाज बसतो.

म्हणून आमचा आक्षेप तत्त्वाला नाही, त्याच्या आंधळ्या वापराला आहे. हे तत्त्व जन्मले ते पदावर विसंबून राहिलेल्या लोकांसाठी. ज्याने तलाठ्याकडे नोंद केली, न्यायाधीशापुढे दावा लावला, त्याने पदावर विश्वास टाकला आणि त्या विश्वासाचे रक्षण झाले पाहिजे. ज्याच्या हातात बेडी पडते, त्याने कोणावर विश्वास टाकलेला असतो? तो विसंबलेला नसतो, पकडलेला असतो. लोकांसाठी विणलेली ढाल अधिकाऱ्याच्या छातीवर बांधून तिचे टोक त्याच लोकांकडे वळवणे, हा न्याय नव्हे. त्यातून प्रतिकाराची वाटही कायद्याने अरुंद केलेली आहे. अधिकारी पदाच्या रंगाखाली सद्भावनेने वागत असेल आणि जीवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याची कृती काटेकोरपणे कायद्यात न बसली तरी स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. अशा वेळी ज्याने अटक सोसली, त्याला निदान नंतर तरी जाब विचारता आला पाहिजे.

डी. के. बसू खटल्यात 1996 साली न्यायालयाने अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसावा, असे बजावले. नावाची पट्टी दिसते, नेमणुकीचा कागद दिसत नाही. तो दर वेळी दाखवा, असे आम्ही म्हणत नाही. चोर पळून जाईल. आमची मागणी मोजकी आहे. नेमणूक रद्द ठरल्यावर ‘पद तर होते ना’ एवढ्यावर सरकारची सुटका होऊ नये. ती विशिष्ट अटक कशी टिकते, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा आणि टिकली नाही तर भरपाईही सरकारने द्यावी. खटला त्यामुळे आपोआप कोसळत नाही; बेकायदा अटकेने खटला बुडत नाही, हे न्यायालयांनी पूर्वीच सांगितले आहे. आणि सनद गेली म्हणजे त्या अधिकाऱ्याचे हात बांधले गेले, असेही नाही. डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला तुम्हीआम्हीही धरू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्याला सहा तासांत पोलिसांच्या हवाली करण्याची अट घातली आहे. सनद गमावलेल्या कोतवालाकडे तेवढाच अधिकार उरावा, आमच्याइतकाच.