बाहेरून बसणाऱ्यांचा हिशेब द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

महोदय,

मे 2025 मध्ये दहावीचा निकाल लागला. नियमित विद्यार्थ्यांचा 94.10 टक्के. कोकण पहिलं, मुली पुढे, कुठल्या शाळेचा शंभर टक्के, अशी चर्चा घरोघरी झाली. त्याच निकालपत्रात खासगी, म्हणजे बाहेरून बसलेल्या, विद्यार्थ्यांची एक ओळ होती. नोंदणी 28,512, परीक्षेला बसलेले 28,020, उत्तीर्ण 22,518, म्हणजे 80.36 टक्के. साडेपाच हजार मुलं राहिली. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही.

पनवेलमध्ये संध्याकाळी मी बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलांचं गणित घेते. म्हणून ही ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यात कोण कोण आहे, हे मला दिसतं. खारघरमधलं एखादं घर, जिथे आईवडिलांनी विचारपूर्वक मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवलं. दुखण्यात दोन वर्षं गेलेला मुलगा. लग्नामुळे शिक्षण सुटलेली आणि आता अंगणवाडीत मदतनीस असलेली बाई. घरी शिकलेल्या मुलांची झेपही लहान नसते. मुंबईच्या अशाच एका मुलीला संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर 2016 साली अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचा निकाल हाती नव्हता, म्हणून आपल्याकडे आयआयटीचं दार तिला बंद होतं. या सगळ्यांना 80.36 हा एकच आकडा लावून आपण काय समजून घेणार?

आणि एक गट असा आहे, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. नववीत गणितात किंवा इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगितलं जातं, ‘याचं काही खरं नाही, दाखला काढा आणि बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ मुलगा शाळेतून जातो, शाळेचा निकाल शाबूत राहतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. ती त्याला पाचवी-सहावीतच यायला हवी होती. चार वर्षं तो वर्गात बसला, कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दहावीच्या तोंडावर, आणि त्यावरचा उपाय म्हणजे दाखला! मग वर्गाबाहेर, शिक्षकाविना त्यानं तोच अभ्यासक्रम पुरा करायचा. तो नापास झाला, तर ते अपयश खासगी विद्यार्थ्यांच्या रकान्यात. ज्या शाळेत तो नववीपर्यंत शिकला, तिच्या रकान्यात काहीच नाही. नियमितांचे 94 आणि खासगींचे 80 हे आकडे म्हणूनच एकमेकांपासून सुटे वाचता येत नाहीत.

बाहेरची दुसरी वाटही आहे. 2017 मध्ये शासनानं मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केलं आणि पाचवी, आठवी, दहावी, बारावी या टप्प्यांवर बाहेरून परीक्षा देण्याची सोय झाली. तेव्हा शिक्षणक्षेत्रातल्या अनेकांनी हरकत घेतली होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत बसण्याचा हक्क दिलेला असताना ही सोय म्हणजे मुलांना बाहेर ठेवायला पळवाट होईल, अशी ती भीती होती. मला स्वतःला ही सोय हवी आहे. पण ती भीती खोटी ठरली, हे कशाच्या आधारे सांगू? मुक्त विद्यालयाची पटसंख्या वाढली, तर त्याचा अर्थ सुटलेली मुलं परत आली असाही होतो आणि असलेली मुलं बाहेर काढली गेली असाही होतो. नुसत्या संख्येवरून ते कळत नाही.

कळण्यासाठी नवं सर्वेक्षण नको. सतरा नंबरच्या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. त्यावर शाळेचं नाव, शेवटची इयत्ता आणि सोडल्याची तारीख असते. शासनाच्या ‘सरल’ या संगणक प्रणालीत विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत. नववी संपताच दाखला काढून लगेच अर्ज भरलेली मुलं कोणत्या शाळांतून किती आली, हे मंडळाला आपल्याच कागदांवरून मोजता येईल.

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे भट्टीचं काम ऐन जोरात असताना. माझ्याकडे येणारी एक मुलगी पहाटे आईबरोबर विटा थापून मग भूमितीची उजळणी करायची. वहीच्या कडांना वाळलेल्या चिखलाची बोटं. परीक्षेच्या दिवसांत केंद्रावर पोचवायला कुणी मोकळं नव्हतं, चार दिवसांची मजुरी बुडली तर उचल फिटत नव्हती. तिची गैरहजेरी लागली. नोंदणी करून परीक्षेला न बसलेले 492 जण वरच्या आकड्यांतून निघतात. अशा मुलांना जून-जुलैची पुरवणी परीक्षा हीच पहिली संधी म्हणून घेता यावी आणि त्यासाठीची नोंदणी कुटुंब वाडीवर असताना, तालुक्याच्याच गावी व्हावी.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या निकालाच्या दिवशी खासगी आणि मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा तपशील तालुकावार द्या: नोंदणी, हजेरी, निकाल, वय, कोणत्या विषयात अडले, शाळा कोणत्या इयत्तेनंतर सुटली. मुलांची नावं नकोत. आणि प्रत्येक शाळेच्या टक्केवारीशेजारी, नववीत तिच्या पटावर किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला तिच्याच नावावर बसली, हे दोन आकडे छापा. पनवेल तालुक्यापासून सुरुवात करणार असाल, तर मुलांपर्यंत आणि त्यांच्या पालकांपर्यंत पोचायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत.

आपली,
पनवेलमधली एक शिक्षिका