धर्मशिक्षण घरातच सुरू व्हावे

‘मुलांचे धर्मशिक्षण ही संडे स्कूलची जबाबदारी’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. संडे स्कूल हवेच, पण ते आठवड्यातून एकदाच भरते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने घरीदारी, निजता-उठता मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे. ते काम आईवडिलांचेच.

मात्र या शिक्षणात सक्ती नको. कवी ना. वा. टिळकांच्या घरचेच उदाहरण पाहा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली, स्वतःच्या मनाने घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

रोज रात्री एकत्र बसून एक उतारा वाचावा, मुलांना प्रार्थना करू द्यावी, त्यांच्या शंका ऐकाव्यात. आईवडील एकमेकांना क्षमा करताना दिसले, तरच मुलांना शुभवर्तमान खरे वाटेल.

– एक वाचक, अहिल्यानगर