रिमिक्सवर नंतर भांडू, आधी कॅसेटी वाचवू

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

महिन्यापूर्वीची गोष्ट. गोखले नाक्याजवळ रात्री साडेदहाला चहा पीत होतो. शेजारी दोघांची चांगलीच जुंपली होती. विषय राजकारण नाही, पाणी नाही, रस्त्याचे खड्डेसुद्धा नाहीत. एक सत्तरीचे काका आणि एक पंचविशीतला मुलगा, दोघं एकाच गाण्याच्या कार्यक्रमातून बाहेर पडलेले. एका तरुण गायकानं जुनं नाट्यपद गिटार, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर घेतलं होतं. मुलगा खूश, काका भडकलेले.

"मूळ चालीचा मुडदा पाडलान् त्यानं," काका म्हणाले.

"काका, तुम्ही मूळ म्हणता तेसुद्धा तुम्ही रेकॉर्डवरच ऐकलंय ना? नाटक कुठे बघितलंयत?" मुलगा म्हणाला.

दुसऱ्याच्या भांडणात पडणं हा आपला धंदाच. मीही पडलो. पण घरी आल्यावर वाटलं, हा वाद अर्धवट राहिला. म्हणून ही पोस्ट.

आधी माझी बाजू कुठली ते सांगतो, म्हणजे कोणी जात काढायला नको. मी दोन्हीकडचा आहे. घरात वडिलांमुळे आकाशवाणीवरचं नाट्यसंगीत ऐकत वाढलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना होस्टेलवरच्या मित्रानं पिंक फ्लॉइडची कॅसेट दिली आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉकच, पण तीन मिनिटांत न संपणारं. मध्येच ताल बदलतो, गाण्याचे तीन-चार भाग असतात, आणि अख्खा अल्बम सलग ऐकायचा असतो. 'येस' या बँडच्या 'क्लोज टू द एज' अल्बममध्ये एकच गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापतं, अठरा मिनिटांच्या वर. ख्याल ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे अजिबात जड जात नाही, करून बघा.

२००७ च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आला, तेव्हा मी इथून रात्रीच्या एसटीनं गेलो होतो. त्यानं 'डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. १९७३ चा अल्बम, मी जन्मायच्या आधीचा. शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ डोळे पुसत होता. वडिलांना मी नाट्यपद ऐकताना असंच डोळे पुसताना बघितलेलं आहे. तेव्हापासून माझ्या लेखी हे दोन रसिक भाऊ-भाऊ.

भांडणंही सेम. याच वॉटर्सनं २०२३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, 'डार्क साइड' पुन्हा रेकॉर्ड केला, बाकीच्या जुन्या सोबत्यांशिवाय. संथ, खालच्या आवाजात, बराचसा बोलल्यासारखा. जगभरच्या चाहत्यांत उभी फूट पडली. कोणी म्हणालं, म्हाताऱ्यानं स्वतःच्याच गाण्याची वाट लावली. कोणी म्हणालं, त्या वयातून त्याच गाण्याकडे बघणं हेच तर ऐकायचं आहे. आपल्या नाक्यावरच्या काकांना तिथे बसवलं असतं तर भाषेची अडचण आली नसती.

पण एक फरक आहे, आणि तोच मला सांगायचाय.

त्यांच्याकडे 'रिमिक्स' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्यावर ढोल-ताशा किंवा डीजेचा ठेका चढवणं. दोन हजारच्या आसपास या रिमिक्सांनी आपल्या वरातींत काय धुमाकूळ घातला ते आठवतंय ना? तिकडच्या रॉकवाल्यांचा रिमिक्स म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेपांकडे परत जाणं. त्या टेपांवर ड्रम वेगळा, गिटार वेगळी, गळा वेगळा, असं प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर जपून ठेवलेलं असतं. स्टीव्हन विल्सन नावाचा संगीतकार हे काम करतो. 'किंग क्रिमसन'चा १९६९ चा पहिला अल्बम त्यानं चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, मूळ टेपांवरून पुन्हा जुळवला. 'जेथ्रो टल'चा १९७१ चा 'अ‍ॅक्वालंग' २०११ मध्ये केला. 'अ‍ॅक्वालंग'चा आवाज कोंदल्यासारखा आहे ही चाहत्यांची जुनीच तक्रार होती. नव्या मिक्समध्ये खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं. एक सूर नवा घातलेला नाही, फक्त जे होतं ते नीट ऐकू येतं.

हे जमलं कशामुळे? कोणीतरी टेपा जपल्या म्हणून. चाळीस वर्षं कुठल्यातरी कोरड्या खोलीत, लेबल लावून.

आता आपल्याकडे या. सावरकर १९२४ ते १९३७ इथे रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. चाली वझेबुवांच्या. दीनानाथ १९४२ मध्ये गेले, वय अवघं एकेचाळीस. त्यांचं गाणं आज आपण ऐकतो ते ७८ च्या तबकड्यांवर. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, पुढे जागाच नाही. एका भोंग्यापुढे किंवा एका माइकपुढे गायक आणि साथीदार सगळे एकदमच रेकॉर्ड झालेले, त्यामुळे पट्ट्या वेगळ्या काढायचा प्रश्नच नव्हता. थिएटरात वन्समोअर घेत घेत तेच पद किती वेळ चालायचं याच्या आठवणी आपल्याला म्हाताऱ्यांनी सांगितल्या. ते म्हातारेही गेले. म्हणजे काका ज्याला 'मूळ' म्हणतात, ते मुळाचं साडेतीन मिनिटांचं टिपण आहे. मुलगा बोलला ते बोचरं होतं, पण खोटं नव्हतं.

आणि काकांना हेही सांगायला हवं की नवं करणं म्हणजे पाप नव्हे. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आली, तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी नाट्यसंगीताला नवं वळणच दिलं होतं. आज तीच पदं 'मूळ' झाली. २०१५ मध्ये सुबोध भावेंच्या 'कट्यार' सिनेमात शंकर-एहसान-लॉयनी जुन्या पदांबरोबर नवी गाणी दिली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोन बुजुर्गांनी सिनेमा न बघताच नावं ठेवली होती. पण माझ्या पुतण्यानं वसंतराव देशपांडे हे नाव त्या सिनेमामुळे पहिल्यांदा विचारलं. आज तो वसंतरावांची रेकॉर्डिंग्ज शोधून शोधून ऐकतो. दार कुठलंही असो, पोरगं घरात आलं ना?

मुलाला सांगायचं ते वेगळं. तो म्हणाला, "काका, सगळं यूट्यूबवर आहे हो." नाही रे बाबा. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचं आहे, आणि तेही कुठल्या कुठल्या संग्राहकांनी पदरमोड करून टाकलंय म्हणून. आपल्या गावात झालेलं गाणं तिथे नाही. ते कुठे आहे ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला. "भाऊ, जुन्या कॅसेटी आल्यात पोत्यानं. बातमी होईल काय?" गेलो. शहरातल्या एका जुन्या आळीतलं घर पाडून तिथे बिल्डिंग होणार होती. घरातले आजोबा वारलेले, मुलं बाहेरगावी. आजोबा आयुष्यभर गावातल्या मैफली टेप करायचे. चार पोती होती म्हणे, मी पोहोचेपर्यंत दोन प्लास्टिकच्या भावानं पुढे गेलेली. उरलेल्या दोनांत एकशे वीस कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख, राग, पेटीवर कोण, तबल्यावर कोण.

एकीवर लिहिलंय: भाद्रपद १९८४, भीमपलास, नंतर दोन पदं. लावली तर आधी पत्र्यावरचा पाऊस. मग गाणं. मध्येच गलका होतो आणि कोणीतरी ओरडतं, "लाइट गेली, गेली तर गेली, थांबू नका!" टेपरेकॉर्डर सेलवर चालत असणार, कारण पुढचं सगळं त्यात आहे. गाणाऱ्या बाईंचं नाव कुठल्याच तबकडीवर नाही. गळा ऐकलात तर उठणार नाही तुम्ही जागेवरून.

दुसरी एक सिनेमाच्या गाण्यांची विकतची कॅसेट. तिच्या कडेच्या तुटलेल्या खाचांवर सेलोटेप चिकटवून त्यावर शक्ती-तुऱ्याची अख्खी बारी भरलेली. शाहीर एकमेकांना सवाल टाकतायत, मागून मुंबईकर चाकरमानी शिट्ट्या मारतायत. हेही आपलं संगीतच आहे. संगीत जपायचं म्हटलं की आपल्याला फक्त नाट्यगृहातलं आठवतं. जाखडी, नमन, भजनाच्या बाऱ्या आठवत नाहीत. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

एकशे विसातल्या तेरा बुरशीनं चिकटल्यात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे कॅसेटच्या फितीचं काय. शिवाय कॅसेट घाईनं कॉम्प्युटरवर घेता येत नाही. तासाची कॅसेट म्हणजे तासच लागतो. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर एकशे विसांना साठ दिवस. माझ्या नोकरीत साठ संध्याकाळी कुठून आणू? दोन वर्षांत चाळीसच झाल्या.

आणि ही एका घराची गोष्ट. अशी घरं किती असतील? टिळक आळीत, झाडगावात, पावसला, राजापूर-लांज्याला? रोज एक जुनं घर पडतंय.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे, आणि ते लोकप्रतिनिधींनी, संस्थांनी आणि आपण सगळ्यांनी ऐकावं असं वाटतं.

एक, गावात एक खोली हवी. आपल्याकडे १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. पुस्तकं जपायची अक्कल या गावाला दोनशे वर्षांपूर्वी सुचली होती. मग आवाज जपायला एक खोली जड आहे का? दोन चांगले कॅसेट डेक, एक कॉम्प्युटर, हवेतला दमटपणा खेचणारं मशीन, एक नोंदवही आणि अर्धवेळ पगारी माणूस. एका नेत्याच्या वाढदिवसाला गावात जेवढे फ्लेक्स लागतात, त्यातले निम्मे कमी लावले तर सामान येईल असा माझा अंदाज आहे. पगाराची सोय मात्र दरवर्षी करावी लागेल. ती बजेटात हवी, कोणाच्या मेहेरबानीवर नको.

दोन, हक्कांचं भान हवं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, आणि कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षं. म्हणून ही खोली म्हणजे यूट्यूब चॅनेल नव्हे. तिथे यायचं, हेडफोन लावून ऐकायचं. बाहेर काही द्यायचं तर कलाकाराला किंवा घरच्यांना विचारून.

तीन, आज जे होतंय ते तरी जपा. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो, वर्षभर लहान-मोठ्या मैफली होतात. आता बऱ्याच डिजिटल मिक्सरांना कॉम्प्युटर जोडला की प्रत्येक माइक वेगळ्या पट्टीवर रेकॉर्ड होतो. जास्तीचा खर्च जवळजवळ नाही. कलाकाराची परवानगी घ्या, साउंडवाल्याला आधी सांगा, हार्ड डिस्क विकत घ्या. चाळीस वर्षांनी रत्नागिरीतल्या एखाद्या पोरानं आजची मैफल पुन्हा जुळवायला घेतली तर त्याच्या हातात काहीतरी असेल.

काही जण म्हणतील, मैफल ती मैफल, ती जपायची नसते, त्या रात्रीची त्या रात्रीच संपते. मला हे पटतं. २००७ ची ती रात्र मला कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये सापडलेली नाही. पण मी तिथे होतो. जे नव्हते त्यांचं काय? १९८४ च्या भाद्रपदात मी शिशुवर्गातसुद्धा नव्हतो.

त्या रात्री नाक्यावर मी काकांना आणि त्या मुलाला या कॅसेटींबद्दल सांगितलं. पुढच्या रविवारी दोघंही घरी हजर. काकांनी भाद्रपदाची कॅसेट ऐकून तबलजी ओळखला. "हा आमच्या वर्गात होता रे," म्हणाले आणि गप्प बसले. मुलगा साउंडचं काम करतो, त्यानं लॅपटॉप उघडला आणि पावसाचा आवाज कमी करायला घेतला.

"हात लावू नको पावसाला," काका ओरडले.

"काका, एक प्रत आहे तशीच ठेवू, दुसरी साफ करू. नंतर भांडू."

तेव्हापासून दर रविवारी भांडतायत. चाळीसच्या आता बावन्न झाल्यात.

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात हातानं लेबल लिहिलेली कॅसेट असेल तर एवढंच करा: फेकू नका, खराब डेकमध्ये घालून बघू नका, कोरड्या डब्यात ठेवा आणि मला कळवा. खोली होईपर्यंत आमचा रविवार आहेच.